उजव्या बाजूचा आवाज

"टीनाताई, मोक्षाचे कान एकदा दाखवून घ्या ना कुठंतरी," रंजीता मॅडम मला शाळेच्या व्हरांड्यात म्हणाल्या होत्या. मोक्षा तेव्हा पहिलीत होती. पालकसभा नुकतीच संपली होती आणि मला घरी जायची घाई होती.

"मी फळ्याकडं तोंड करून सांगितलं की तिचं लिहिलेलं चुकते. समोर उभी राहून सांगितलं की सगळं बरोबर. मले काहीतरी वाटून राह्यलं."

मी हसले. "मॅडम, ती मुळातच शांत आहे. आमच्या घरी तिला महासतीजी म्हणतात."

"शांत असणं वेगळं, ताई."

मी बरं म्हटलं आणि निघाले. खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला होता. मी बी.एस्सी. झालेली. मुलीच्या डब्यातल्या द्राक्षांचेसुद्धा उभे दोन तुकडे करून देते, घशात अडकू नयेत म्हणून. गच्चीच्या दाराला मी दोन कड्या लावून घेतल्या आहेत. माझ्या पोरीचं काही बिनसलेलं असेल आणि ते मला दिसणार नाही? घरी पोचेपर्यंत मी ते विसरूनही गेले.

मानोऱ्याच्या मेन रोडवर आमचं कापडाचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर. सासरे केशरीचंदजी अजून गादीवर बसतात, त्यांना आम्ही सगळे बाबूजी म्हणतो. माझे मिस्टर श्रेयांस गिऱ्हाइकी बघतात. आमची एकुलती एक मोक्षा आता दुसरीत आहे. तिला महासतीजी, म्हणजे जैन साध्वी, हे नाव पाडलं माझ्या सासूबाईंनी, म्हणजे भंवरीबाईंनी; त्यांना सगळे मांजी म्हणतात. त्याचं कारण सामायिक.

मांजी रोज दुपारी सामायिकला बसतात. तोंडाला मुहपत्ती, म्हणजे पांढरी कापडी पट्टी, बांधायची, आसनावर दोन घटका हलायचं नाही, घरसंसाराचं एक अक्षर बोलायचं नाही, नवकार पुटपुटत मन आत वळवायचं. मोक्षा अगदी लहान होती तेव्हापासून त्यांच्या शेजारी स्वतःचं छोटं आसन टाकून बसते. भिंतीच्या कडेला दादी, दादीच्या उजव्या हाताला ती. मी स्वयंपाकघरातून हाक मारायचे, "मोक्षू, दूध प्यायला ये." ती हलायचीसुद्धा नाही. मग मांजी मुहपत्ती सोडल्यावर मला ऐकवायच्या.

"पाह्यलं का टीना? तू तिकडून ओरडून राह्यली, अन् पोरीची पापणी नाही हलली. माह्यं मन अजून खालच्या दुकानात फिरते, हिचं नाही फिरत. मांगच्या जन्माची पुण्याई घेऊन आली पोट्टी."

पाहुणे आले की हे सांगणं व्हायचंच. पर्युषणात अकोल्याच्या आत्याबाई आल्या होत्या. त्यांनी मुद्दाम मागून, उजवीकडून चुटकी वाजवून पाहिली. मोक्षा तशीच. आत्याबाईंनी तिच्या पायाला हात लावला! मला त्या दिवशी किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू.

आणि एरवीही ती शांतच. हाक मारली की आधी जिन्याकडे बघायची, मग बाल्कनीकडे, मग माझ्याकडे. श्रेयांस हसायचे. "हिला आई कुठं आहे ते भिंतीला विचारावं लागतं."

हे सगळं मी रोज बघत होते.

या वर्षी तिला अबॅकसचा ऑनलाइन क्लास लावला. टॅबवर सर आकडे सांगतात, मुलं हवेत बोटं हलवून मनातल्या मनात मणी सरकवतात आणि उत्तर देतात. मोक्षाला बोटं हलवायला फार आवडायचं. पण उत्तरं चुकायची. क्लास संध्याकाळचा, आणि आमच्या घरात संध्याकाळी शांतता कुठली? खाली गिऱ्हाईक, रस्त्यावर ट्रॅक्टर, एखाद्या वरातीचा डीजे, वर कुकर. सर म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण घरात आवाज फार आहे. हेडफोन घेऊन द्या."

झालं. माझा अभ्यास सुरू झाला.

मी एकेक व्हिडिओ पाहून ठेवला. बिनवायरचे इअरबड्स चिंचोक्याएवढे. पोरीनं नाकात घातला तर? तोंडात टाकला तर? आत बॅटरी असते, ती कानाशीच तापली तर? आणि एक हरवला की जोडी गेली. दुसरा पर्याय गेमिंगचा वायरवाला हेडसेट. कान पूर्ण झाकणाऱ्या मोठ्या वाट्या, तोंडापुढं माईकची दांडी, त्यात सर ऐकतील आणि बाहेरचा डीजे ऐकू येणार नाही. पण वजन किती! सात वर्षांच्या मानेला ते पेलेल? आणि ती लांब वायर गळ्याभोवती गुंडाळली गेली तर?

जेवताना हाच विषय. श्रेयांस म्हणाले, "इअरबड घेऊन टाक. आजकाल वायर कोण वापरतं?"

बाबूजी म्हणाले, "वायरवालं घे. बिनवायरचं म्हणजे बिनदाव्याची गाय. संध्याकाळी गोठ्यात येईन याचा भरोसा नाही."

मांजींचं तिसरंच. "पोरीच्या कानात कायले काही कोंबता? तुमच्या लहानपणी काय होतं कानात? मळ होता."

बाबूजींना ठसका लागेस्तोवर हसू आलं. मोक्षाही हसली, सगळे हसतात म्हणून. मला मात्र ठरवता येईना.

एस.टी. स्टँडजवळ धम्मपालभाऊंचं मोबाईलचं दुकान आहे. ते आणि श्रेयांस एकाच वर्गातले. मी दोन्ही वस्तू हातात घेऊन उलटसुलट करत बराच वेळ उभी राहिले. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, एवढा इचार तर लोक सोयरीक जुळवताना करत नाहीत."

"भाऊ, लेकराच्या कानाचा प्रश्न आहे."

"मंग असं करा. दोन्ही घेऊन जा, जांगडवर. तुमच्याच दुकानाचा कायदा आहे हा. माह्या लग्नात बाबूजींनं साड्यांचं गाठोडंच्या गाठोडं घरी पाठवलं होतं. बायांनं पसंत केल्या तेवढ्या ठेवल्या, बाकी वापस. तुमीबी घरी लावून पाहा. जे जमन ते ठेवा."

आमच्याकडे लग्नाचा बस्ता असाच फाडला जातो. इंझोरीकडची, तांड्यांवरची माणसं माल घरी नेतात, उजेडात पाहतात, अंगावर टाकून पाहतात, मग ठरवतात. मला ते पटलं. दोन्ही डबे घेऊन मी घरी आले.

आधी इअरबड्स. मी स्पिरिटच्या बोळ्यानं दोन्ही पुसले आणि मोक्षाच्या कानांत बसवले. टॅबवर नवकार मंत्र लावला.

"वाजतंय?"

"हो. या बाजूनं." तिनं डावा कान दाखवला.

"आणि दुसऱ्या?"

"तो बंद आहे."

म्हणजे उजवीकडचा पीस खराब. श्रेयांस तेवढ्यात स्टँडकडे निघाले होते, त्यांच्याच हाती डबा परत पाठवला. तासाभरानं ते नवीन डबा घेऊन आले. "धम्म्या म्हणतो, वाजून राह्यला ना बावा चांगला! तरी त्यानं दुसरा दिला. वहिनीले सांग म्हणे, आता हा बी बंद निघाला तर दुकान बंद करून मी सामायिकलेच बसतो."

दुसराही उजवीकडून बंद. या वेळी मी तो काढून स्वतःच्या कानात घालून पाहिला. छान वाजत होता. मला आपोआप उत्तर सुचलं. तिचा कान केवढा, हा केवढा! नीट बसत नसणार, सैल राहत असणार. मी तो जरा दाबून बसवला. "आता?"

"दुखतंय, मम्मी."

"वाजतंय का?"

"नाही."

"राहू दे," मी म्हटलं. "लहान मुलांच्या कानांसाठी नाहीतच हे." इअरबड्स डब्यात गेले. खाली जाऊन बाबूजींना सांगितलं तर ते गादीवरूनच म्हणाले, "दावं पाह्यजे म्हणून म्हटलं होतं."

मग हेडसेट. मोक्षाच्या छोट्या डोक्यावर तो केवढा तरी मोठा दिसत होता, लाल-निळे दिवे लागलेले, तोंडापुढं माईक. तिनं आरशात पाहिलं आणि विमान चालवल्यासारखे हात केले. मी नवकार लावला.

"ऐकू येतंय?"

"हो! मस्त येतंय."

प्रश्न सुटला. वाट्या मोठ्या, कानावर नीट बसल्या, आवाज येतोय. मी श्रेयांसना म्हटलं, हाच ठेवू. वायरीला मी मागे क्लिप लावणार होते, म्हणजे गळ्याशी येणार नाही. सगळं ठरलं होतं.

रविवारी दुपारी आवाज किती ठेवायचा ते बघायला मी बसले. कारण मी वाचलं होतं की हेडफोनचा आवाज मोठा ठेवला तर मुलांचे कान जातात. हो, हे मी वाचलेलं होतं. हेडफोन तपासायचा एक व्हिडिओ मिळाला. त्यात एक बाई डाव्या वाटीत "लेफ्ट" म्हणते, मग उजव्या वाटीत "राइट" म्हणते. पडद्यावर त्या त्या बाजूला हिरवी रेघ हलते.

"मोक्षू, खेळ खेळूया. ज्या बाजूनं बाई बोलेल तो हात वर करायचा."

तिनं डोळे मिटून घेतले, खेळाला शोभेल अशा गंभीरपणानं. डाव्या बाजूची रेघ हलली. डावा हात वर. शाब्बास. मग उजवीकडची रेघ हलली.

हात खालीच.

मी थांबले. परत लावलं. डावा हात वर. उजवीकडची रेघ हलली, हलून थांबली, आणि माझी मुलगी डोळे मिटून शांत बसून राहिली. तिची पापणीही हलली नाही.

मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. मला बाहेरून वाटीतला बारीक आवाज ऐकू यायला लागला. राइट. राइट.

मोक्षानं डोळे उघडले. "मम्मी, खाली दुकानात कोणीतरी बोलतंय का? लांबून आवाज येतोय."

मी घाईघाईनं आवाज कमी केला. हेडसेटच खराब असेल. असेलच. मी तो काढला आणि तिच्या डोक्यावर उलटा घातला, डावी वाटी उजव्या कानावर. माईकची दांडी आता दुसऱ्या गालाशी आली. व्हिडिओ पहिल्यापासून लावला. लेफ्टची रेघ हलली. मोक्षा गप्प. राइटची रेघ हलली आणि तिचा डावा हात टुणकन वर गेला.

"मम्मी, आता बाई राइट म्हणाली! जिंकले?"

हेडसेटला काही झालेलं नव्हतं. इअरबडलाही नव्हतं, पहिल्याला नाही, दुसऱ्याला नाही.

मी तिच्या पाठीमागे गेले. हेडसेट काढला. तिचा डावा कान तळहातानं घट्ट झाकला आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन हळूच विचारलं, "मोक्षू, तुला आज जेवायला काय हवं?"

ती खुदकन हसली. खांदा वर करून म्हणाली, "गुदगुल्या होतात!"

"मी काय म्हटलं?"

"काय?"

"मी आत्ता काय बोलले?"

"कान सोड ना मम्मी, मग सांग."

माझा श्वास तिला कळत होता. शब्द कळत नव्हते. एवढ्या जवळून बोललेला एकही शब्द.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. आवाज नीट ठेवायचा प्रयत्न केला. "बेटा, या कानानं तुला ऐकू येत नाही?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं. "तो ऐकायचा नाहीये ना."

"म्हणजे?"

"जेवायचा हात एकच असतो ना? तसा ऐकायचा कान हा." तिनं डावा कान पकडून दाखवला. "पप्पा पण फोन एकाच कानाला लावतात."

"सगळ्यांना दोन्ही कानांनी ऐकू येतं, मोक्षू."

तिला ते पटलं नाही. ती हसायलाच लागली. "मग दोन-दोनदा नाही का ऐकू येणार?"

मी श्रेयांसना हाक मारली ती कशी मारली मला आठवत नाही. पण खालची गिऱ्हाइकं वर बघायला लागली होती, असं नंतर बाबूजींनी सांगितलं. श्रेयांस धावत वर आले. मी सांगितलं. त्यांनी तेच सगळं परत करून पाहिलं, कान झाकून, कान बदलून. त्यांचं तोंड पांढरं पडत गेलेलं मी पाहिलं. "असं कसं? ती बोलते, गाणी म्हणते, फोनवर बोलते... असं कसं?"

"फोन ती नेहमी डाव्या कानाला लावते," मी म्हटलं. "आपण तिला डावखुरी म्हणायचो."

आम्ही दोघं बोलत होतो आणि खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात मांजी सामायिकला बसल्या होत्या. मी त्यांना विसरलेच होते. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी त्यांना सामायिकमधून मध्येच उठलेलं पाहिलं नाही. खालच्या दुकानात एकदा वायरिंगनं पेट घेतला होता तेव्हाही त्या माळ ओढत बसून राहिल्या होत्या. त्या आता उठल्या. मुहपत्ती ओढून काढली.

"काय म्हटलं तू? कोणत्या कानानं?"

"उजव्या, मांजी."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग स्वतःच्या आसनाकडे आणि त्याच्या शेजारच्या छोट्या आसनाकडे. तिथं बसली की मोक्षाचा डावा कान नेहमी दादीच्या पुटपुटण्याकडे, आणि उजवा कान स्वयंपाकघराच्या दाराकडे असायचा.

"म्हणजे ते ध्यान नव्हतं?" त्या म्हणाल्या. "मी चार गावात सांगत फिरली... पोरीले ऐकूच येत नव्हतं?"

मोक्षा जाऊन त्यांच्या कमरेला बिलगली. "दादी, तुमची सामायिक मोडली."

"मोडू दे," मांजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला गेलो. गाडीत मी मोक्षाच्या डाव्या बाजूला बसले आणि पूर्ण रस्ता तिच्याशी हळू आवाजात काहीबाही बोलत राहिले. एकदा ती पटकन "काय?" म्हणाली तर मी तेच वाक्य आणखी हळू म्हणून पाहिलं. उजवा गेला होता. मला एकच भीती होती: डावाही जातोय का? तो आधीच अर्धा गेलेला असेल आणि आम्हाला कळलंच नसेल तर? मला ज्या गोष्टी कळल्या असं वाटत होतं, त्यातली एकही खरी नव्हती. मग डावा चांगला आहे हे तरी कशावरून?

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं एक काचेची, गादी लावलेल्या भिंतींची छोटी केबिन होती. मोक्षाला आत बसवलं, डोक्यावर हेडफोन घातला. तोसुद्धा वायरवालाच. बाहेर मशीनपाशी बसलेल्या बाईंनी तिला सांगितलं, आवाज आला की हात वर कर, कितीही बारीक असला तरी.

डावा कान आधी. हात वर. हात खाली. हात वर. मी काचेतून फक्त तो हात बघत होते. बाई बटण फिरवत होत्या, आवाज बारीक होत चालला असणार, आणि हात वर जात होता. प्रत्येक वेळी वर जात होता. श्रेयांसनी माझं मनगट धरलं होतं, ते दुखत होतं तरी मी सोडवलं नाही.

मग उजवा. बाईंनी बटण फिरवलं. हात मांडीवर. आणखी फिरवलं. हात मांडीवर. मोक्षाला वाटलं खेळ संपला. तिनं काचेतून माझ्याकडे पाहून हसून मान हलवली, आता बाहेर येऊ का?

डॉक्टरांनी कागद पाहिला. पहिला प्रश्न विचारला, "हिला कधी गालफुगी झाली होती?"

"नाही," श्रेयांस म्हणाले.

"झाली होती," मी म्हटलं. ती तीन वर्षांची होती. आम्ही दोघीच रिसोडला माझ्या माहेरी गेलो होतो, चुलतभावाच्या लग्नाला. उजवा गाल फुगला, ताप आला. आईनं लेप लावला. सगळ्या बायका म्हणाल्या, गालफुगीच आहे, पोरांना होतेच, आठवड्यात उतरते. आणि उतरलीसुद्धा. मी श्रेयांसना फोनवर सर्दी-ताप म्हणूनच सांगितलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "खात्रीनं आता सांगता येणार नाही, पण बहुतेक तेव्हाच. गालफुगीत क्वचित एखाद्या मुलाच्या एका कानाची नस जाते. पटकन जाते. दुखत नाही, वाहत नाही. दुसरा कान चांगला असतो म्हणून बोलणं थांबत नाही. एवढ्या लहान मुलाला आपलं काय गेलं हेच कळत नाही, मग ते सांगणार काय?"

"ती नस परत..."

"नाही."

एवढंच. मी त्यांच्या टेबलावरच्या कानाच्या प्लॅस्टिकच्या मॉडेलकडे बघत राहिले. त्याच्या आत गोगलगायीसारखं काहीतरी होतं.

"आणि डावा?" श्रेयांसनी विचारलं. मला विचारायचा धीर होत नव्हता.

"डावा उत्तम आहे. अगदी उत्तम. तो सांभाळायचा."

मी तिथंच रडले. मोक्षा बाहेर बाकावर बसली होती, तिला दिसू नये म्हणून पाठ वळवून रडले.

मग सुचेल ते विचारत सुटले. अगदी हेही विचारलं की वायरवाला हेडसेट चांगला की बिनवायरचा. डॉक्टरांना त्या प्रश्नाचं नवल वाटलं नाही. "वायर असो नसो, कानाला फरक पडत नाही. आवाज किती आणि किती वेळ, तेवढंच बघायचं. पण हिच्यापाशी कान एकच आहे. क्लाससाठी त्याच्यावर रोज काही चढवू नका. दार लावा, पंखा-टीव्ही बंद करा, टॅब जवळ ठेवा. तिला गोंगाटात ऐकू येत नाही, कारण दोन कान मिळून गोंगाट गाळतात. आकडे चुकत होते ते त्यामुळं." वर्गात तिला उजव्या भिंतीकडच्या बाकावर बसवा, म्हणजे चांगला कान वर्गाकडे राहील, असं त्यांनी सांगितलं. उजव्या बाजूचा आवाज डाव्या कानाकडे पाठवणारं एक यंत्र मिळतं, तेही पुढं बघू म्हणाले.

आम्ही उठलो तेव्हा ते सहज म्हणाले, "आणि रस्ता. रस्ता तिला एकटीला ओलांडू देऊ नका. आवाज कोणत्या बाजूनं येतोय ते एका कानाला कळत नाही."

मी दारातच थांबले. आमचं घर मेन रोडवर, शाळा रस्त्याच्या पलीकडे. रस्ता ओलांडताना गाड्या पहिल्यांदा येतात त्या उजवीकडून. गेल्या जूनपासून मी तिला एकटीला पाठवत होते. मीच शिकवलं होतं, आधी उजवीकडे बघ, हॉर्न ऐक, मग पळ. आणि बाल्कनीतून तिच्यावर नजर ठेवत होते.

मानोऱ्याला परत आल्यावर मी दोन्ही डबे घेऊन धम्मपालभाऊंकडे गेले.

"कोणतं ठेवलं वहिनी?"

"दोन्ही वापस घ्या भाऊ."

"का वं? आता काय खोट निघाली?"

मी सांगितलं. ते ऐकत असताना त्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. गिऱ्हाईक आलं तर त्यांनी हातानंच थांबवलं. "तिले दुखत नाही ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग ते काउंटरवरून फोन घेऊन बाहेर गेले. काचेतून मला त्यांचा आवाज येत होता. घरी बायकोशी बोलत होते. "अवं, आपल्या पोट्ट्याचा एक कान झाक अन् दुसऱ्यात हळू बोल. मांगून बोल, त्याले तोंड नको दिसू देऊ. नाही, नंतर नाही. आत्ता."

त्यांचा निरोप येईपर्यंत मी तिथंच उभी राहिले. मला जाता आलं नाही. थोड्या वेळानं ते आत आले, कपाळाचा घाम पुसला. "दोन्ही चालू हायेत त्याचे," म्हणाले. "काहून ऐकत नाही मंग मेलं माह्यं? आता घरी जाऊन पाहातो त्याच्याकडं." आणि हसायला गेले पण त्यांना हसू आलं नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरात लहान मूल असेल, शेजारी असेल, भावाचं, बहिणीचं असेल, तर जा त्याच्याकडे. गालफुगी झाल्याचं आठवतं की नाही याचा विचार करू नका. त्याच्या मागे उभे राहा. एक कान तळहातानं नीट झाका आणि दुसऱ्या कानाशी हळूच काहीतरी विचारा, त्याच्या आवडीच्या खाऊचं. उत्तर आलं की बाजू बदला. खेळ म्हणून करा, त्याला भीती वाटता कामा नये. पण जर ते नुसतंच हसलं आणि गुदगुल्या होतात म्हणालं, तर थांबू नका, कानाच्या डॉक्टरांकडे न्या. आणि ज्या मुलाला घरात सगळे शांत म्हणतात, त्याचं सगळ्यात आधी करा.